दादासाहेबांना कुठे ठेवायचं?

चौकात व्याख्यान आणि बोलणारा इतिहासाचा माणूस, म्हणजे विषय चिमाजी आप्पा, असं आपण धरून आला असाल. तसं धरायला कारणही आहे. जंजिरे धारावीचा किल्ला इथे आहे, आप्पांचं स्मारक इथे आहे, आणि खाडीच्या तोंडापलीकडे वसईचा किल्ला. वसईच्या आधी धारावी पडली आणि मे 1739 मध्ये वसई, हे इथल्या शाळेतल्या मुलांना मी सांगायची गरज नाही. आज मी आप्पांवरून सुरुवात करणार आहे, पण बोलणार आहे ते त्यांच्या पुतण्याबद्दल. आप्पांनी दोन वर्षं लढून जो किनारा मिळवला, तो या पुतण्यानं पस्तीस वर्षांनी एका कागदावर लिहून दिला. का दिला? तर त्याच्याच घरात त्याला राहू देत नव्हते म्हणून.

हा पुतण्या म्हणजे राघोबादादा. रघुनाथराव बाजीराव. पहिल्या बाजीरावांचे आणि काशीबाईंचे चिरंजीव, जन्म 1734.

राघोबांवर नाटकं झाली, कादंबऱ्या झाल्या, शिव्या तर भरपूर झाल्या. त्यांचा स्वभाव, आनंदीबाईंचा स्वभाव, यावर आपण पिढ्यानपिढ्या बोलतो. मला आज वेगळ्या बाजूनं बघायचंय. नको झालेला नातेवाईक घरातून कसा काढायचा, हा प्रश्न पेशव्यांच्या घरापुढे बावीस वर्षं होता. 1761 पासून 1783 पर्यंत. त्या घरानं एकेक उपाय करून पाहिला. प्रत्येक उपायाचं काय झालं ते कागदपत्रांत आहे. घरगुती प्रश्नाची एवढी नोंद आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या कुटुंबाची नसेल.

आधी एक छोटी गोष्ट, कारण ती नेमकी आप्पांचीच आहे. वसई घेतल्यावर आप्पा पुण्याला परतले आणि काही महिन्यांत एका वेगळ्याच मोहिमेत सापडले. मस्तानीच्या. मस्तानी घरात नको, यावर मातोश्री राधाबाई, आप्पा, बाजीरावांचे थोरले चिरंजीव नानासाहेब, सगळ्यांचं एकमत. 1740 च्या सुरुवातीला घरात दोन कार्यं होती. आप्पांच्या मुलाचं, सदाशिवरावांचं लग्न, आणि एका मुलाची मुंज. त्याआधी बाजीराव मोहिमेवर असताना नानासाहेबांनी मस्तानीला पर्वतीच्या बागेत अटकेत ठेवलं. शाहू महाराजांना हे आवडलं नव्हतं, तसं त्यांनी कळवलंही. एप्रिलमध्ये बाजीराव रावेरखेडीला वारले, पाठोपाठ मस्तानीही गेली, आणि वर्षाच्या अखेरीला आप्पाही. आता, ज्या मुंजीच्या सुमारास हे चाललं होतं ती मुंज कोणाची? राघोबांची. साडेपाच वर्षांचा मुलगा. घरातलं नको असलेलं माणूस कसं काढतात, याचा पहिला धडा त्याला तिथे मिळाला असेल असं म्हणण्याचा मोह होतो. पण ते नाटककाराचं काम, मी करत नाही. (हशा)

तर 1761. जानेवारीत पानिपत. जूनमध्ये नानासाहेब गेले. थोरले विश्वासराव पानिपतावर पडलेले, सदाशिवरावभाऊही गेलेले. उरले कोण? नानासाहेबांचा दुसरा मुलगा माधवराव, वय सोळा. आणि काका रघुनाथराव, वय सत्तावीसच्या आत. काका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या मिशा येतात. हे काका पुतण्यापेक्षा साडेदहा वर्षांनी मोठे होते, बस. शिवाय लाहोर, अटक केलेले. उत्तरेतून येताना नाव आणलं आणि कर्जही आणलं. त्या कर्जावरून सदाशिवरावभाऊंशी वाजलं होतंच. अशा माणसानं सोळा वर्षांच्या पुतण्यापुढे हात बांधून उभं राहायचं, ही व्यवस्था कोणत्याही घरात कठीणच गेली असती.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं नुसतं भांडण वाटेल. आपल्याकडे एकत्र कुटुंबाचा कारभार मिताक्षरेनं चालायचा. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातल्या विज्ञानेश्वरानं बाराव्या शतकाच्या आसपास लिहिलेली याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका. तिचा गाभा असा की वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच येतो. म्हणजे भाऊ भावाच्या घरात पाहुणा नसतो, तो वाटेकरी असतो. त्याला ‘जा’ म्हणता येत नाही. तो नको असेल तर त्याचा वाटा मोजून द्यायचा. विभक्त होणं, चूल वेगळी करणं, हा आपला परंपरेनं आलेला मार्ग. त्यात अपमान नाही. हजारो घरं अशी विभक्त झाली, अजून होतात.

(इथल्या ईस्ट इंडियन कुटुंबांना हे परकं वाटेल. ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलाला जन्मतः हक्क नाही. बाप असेपर्यंत घर बापाचं. म्हणून एकाच गावात, एकाच गल्लीत, दोन शेजाऱ्यांच्या घरी बाप मुलाला म्हणतो ‘नीघ’, आणि त्या एका शब्दाचा कायद्यातला अर्थ दोन घरांत वेगळा असतो.)

पेशव्यांच्या घरात अडचण ही होती की राघोबा वाटा मागत होते, पण कशात? वाड्यात, दागिन्यांत, खाजगी मिळकतीत भाऊ म्हणून त्यांचा हक्क होता, त्याला कोणी ना म्हटलं नसतं. पण पेशवेपद ही मिळकत नव्हती. ती नोकरी होती. साताऱ्याहून छत्रपतींची वस्त्रं आली की माणूस पेशवा. सरंजाम फौजेच्या खर्चासाठी दिलेले. दौलत छत्रपतींची. मालकाच्या दौलतीची वाटणी कारभाऱ्याच्या घरात कशी होणार? माधवरावांची भूमिका थोडक्यात ही. मला ती बरोबर वाटते. पण राघोबांच्या बाजूनंही बघा. एव्हाना तीन पिढ्या पद बापाकडून मुलाकडे आलेलं. छत्रपती साताऱ्याला नावापुरते. वसई जिंकली ती आप्पांनी, म्हणजे धाकट्या भावानं. अटकेकडे गेले ते राघोबा, म्हणजे पुन्हा धाकटा भाऊ. घर एकत्र म्हणून कमावलं, मग वाटायची वेळ आली की ही नोकरी? आजही दुकानाच्या वाटण्यांत हेच ऐकू येतं. दुकान बापाचं, लायसन थोरल्याच्या नावावर, आणि धाकटा विचारतो, वीस वर्षं गल्ल्यावर मी बसलो ते काय म्हणून?

1762 मध्ये पहिला स्फोट. राघोबा रागावून पुण्यातून बाहेर पडले आणि थेट निजामाकडे मदत मागितली. निजामानं दिली, फुकट नाही, दौलताबादसकट मोठा मुलूख कबूल करून घेतला. नोव्हेंबरात घोडनदीवर आणि मग आळेगावला काका-पुतण्यांच्या फौजा समोरासमोर आल्या. माधवरावांची बाजू पडती होती. त्यांनी काय केलं? सतरा वर्षांचा मुलगा स्वतः काकांच्या छावणीत गेला आणि स्वाधीन झाला. घर फुटण्यापेक्षा काकांचं चालू द्या.

मला हा निर्णय फार मोठा वाटतो, आणि तो फसलाही. कारभार हाती येताच राघोबांनी जुने माणसं काढली, आपली बसवली. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन दुखावून निजामाकडे गेले. निजामानं 1763 मध्ये पुणं लुटलं. ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, आणि त्या लढाईनंतर घरात कोणाचं चालायचं हे न बोलता ठरलं. माधवरावांचं.

मग दुसरा उपाय. लांब ठेवायचं. नाशिकजवळ गोदावरीच्या काठी आनंदवल्लीला राघोबांचा वाडा. आनंदीबाईंवरून गावाला ते नाव पडलं असं सांगतात. तिथून गोदाकाठानंच थोडं वर गेलं की गंगापूर, आणि तिथे कोण राहायला आल्या? माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई. त्यांचंही मुलाशी पटेना. म्हणजे एका तरुण पेशव्यानं काका आणि आई, दोघांनाही पुण्याबाहेर राहू दिलं, तेही एकाच नदीच्या काठी, शेजारशेजारच्या गावांत. आणि त्या दोघांचं एकमेकांशी तर मुळीच पटत नव्हतं. नाशिकच्या लोकांनी त्या काळात काय काय ऐकलं असेल! (हशा)

लांब ठेवण्यात एक खोट असते. लांबचा माणूस दिसत नाही, आणि त्याच्याकडे कोण जातं-येतं तेही दिसत नाही. राघोबा उत्तरेच्या मोहिमेतून पुन्हा कर्ज घेऊन आले आणि अर्धी दौलत मागू लागले. 1767 च्या पावसाळ्यानंतर माधवराव स्वतः आनंदवल्लीला गेले, बोलणी झाली, कर्जाचा भार उचलायचं ठरलं. पण त्याच हिवाळ्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यात आला होता, आणि त्याचा सहकारी ब्रोम नाशिकला राघोबांकडे. इंग्रज एकाच घरात दोन दारांनी चौकशी करत होते. त्यांना काय हवं होतं? साष्टी आणि वसई. म्हणजे हाच किनारा. 1739 पासून मुंबईच्या कौन्सिलचा डोळा याच्यावर होता, कारण मुंबई बेटाला धान्य, लाकूड, खाडीची वाट, सगळं इथून.

1768 मध्ये राघोबांनी एक मुलगा दत्तक घेतला, अमृतराव. वाटणी मागणारा माणूस दत्तक घेतो, तेव्हा पुण्यात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. वाट्याला वारस आला. होळकरांचे दिवाण गंगोबातात्या, गायकवाड, असे पाठीराखे जमले. जूनमध्ये चांदवडच्या डोंगरात धोडपच्या किल्ल्यापाशी माधवरावांनी काकांना गाठलं, हरवलं आणि पुण्याला आणलं.

आता ठेवायचं कुठे? इथे या घरानं जो निर्णय घेतला, तो माझ्या मते सगळ्यांत चुकीचा. त्यांना शनिवारवाड्यातच ठेवलं. नजरकैदेत. म्हणजे ज्याला घराबाहेर काढायचं त्याला घरातच कोंडलं.

सत्तेच्या घरांत हा प्रश्न जगभर होता. मोगल शहाजादे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर धाडत. शहाजहानचा मुलगा मुरादबक्ष तिथेच संपला. तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांनी सतराव्या शतकापासून भावांना मारायचं सोडून राजवाड्यातच एका भागात कोंडायला सुरुवात केली. त्या जागेचं नावच पिंजरा. पिंजऱ्यातल्या माणसाला पुढे गादीवर बसवायची वेळ आली की तो जगाशी अनोळखी असायचा. पेशव्यांकडे ग्वाल्हेर नव्हतं असं नाही, किल्ले ढीगभर होते. पण सख्खा चुलता, ब्राह्मण, घरातला वडीलधारा, त्याला किल्ल्यावर बेडीत घालायचं, हे माधवरावांना जमलं नाही. घरात ठेवलं की लोकांना सांगता येतं, दादासाहेब वाड्यातच आहेत, काही कमी नाही. जेवणखाण, स्नानसंध्या, सेवेला माणसं, सगळं होतं. फक्त दारावर पहारा.

माधवराव होते तोवर हे चाललं, कारण माधवराव होते. क्षयानं 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला ते वारले. त्याआधी काकांना बोलावून घेतलं होतं, धाकट्या नारायणरावाचा हात त्यांच्या हाती दिला होता. मरणाऱ्या माणसाच्या समोर घरं एक होतात, तसं हे घर एक झालं. काही महिने टिकलं. एप्रिल 1773 मध्ये नारायणरावांनी काकांना पुन्हा कैदेत टाकलं. त्याच वाड्यात.

नारायणराव सतरा-अठरा वर्षांचे. माधवरावांची जरब त्यांच्याकडे नव्हती आणि पहारा करणारे गारदी पगारावर नाखूश. यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. 30 ऑगस्ट 1773, गणपतीचे दिवस. सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं वाड्यात घुसली. नारायणराव पळत काकांच्या दालनात गेले. ‘काका मला वाचवा’ हे शब्द महाराष्ट्राच्या तोंडी बसले, तसेच ते उच्चारले गेले का, माहीत नाही. पण ते काकांकडे धावले, काकांना बिलगले, यात शंका नाही. चापाजी टिळेकर नावाच्या सेवकानं धन्याला वाचवायला अंगाखाली घेतलं. दोघेही मारले गेले. ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला ही कथा मोठी लाडकी आहे, पुरावा मात्र तिला तेवढा नाही. कटाचा मूळ हेतू नारायणरावांना धरून राघोबांना पेशवा करण्याचा होता, यावर बहुतेकांचं एकमत आहे.

या हेतूकडे जरा थांबून बघू. नारायणरावांना धरायचं आणि राघोबांना मोकळं करायचं. म्हणजे काय? खोल्यांची अदलाबदल. कैदी मालक होणार, मालक कैदी. एकाच छपराखाली पहारेकरी, कैदी आणि मालक राहत असतील, पहारेकऱ्यांचा पगार थकला असेल आणि कैद्याकडे द्यायला वचनं असतील, तर एवढीच अदलाबदल करायला कुठली फौज लागत नाही. दोन-तीन दालनं ओलांडायची असतात. काका ग्वाल्हेरसारख्या किल्ल्यावर असते तर हे घडलं नसतं, आणि त्यांना वाटा देऊन कायमचं मोकळं केलं असतं तरी बहुधा घडलं नसतं. कैदही अर्धी आणि नातंही अर्धं, त्यात नारायणराव गेले.

रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दोष राघोबांवर ठेवला आणि पुणं सोडलं. राघोबा पेशवे झाले खरे, पण घरच त्यांच्या विरोधात गेलं. नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभारी, ज्यांना आपण बारभाई म्हणतो, त्यांनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर नेलं. 18 एप्रिल 1774 ला तिथे मुलगा झाला, सवाई माधवराव. आता पेशवा चाळीस दिवसांचा आणि काका चाळीस वर्षांचे. वाड्याचं दार कायमचं बंद.

घराबाहेर पडलेला माणूस कुठे जातो? शेजारी जातो. यावेळी शेजारी निजाम नव्हता, इंग्रज होते. त्यांनी तर वाटही पाहिली नाही. गोव्याकडून पोर्तुगीज आपला जुना मुलूख परत घ्यायला येताहेत अशा बातम्या होत्या, त्यामुळे डिसेंबर 1774 च्या अखेरीस मुंबईकरांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी बळकावली. राघोबा तेव्हा गुजरातेत. मार्च 1775 मध्ये सुरतेचा तह झाला. इंग्रजांनी फौज द्यायची, राघोबांना पुण्यात गादीवर बसवायचं. बदल्यात साष्टी, वसई आणि आसपासचा मुलूख इंग्रजांना. आप्पांनी ज्या किनाऱ्यासाठी हजारो माणसं खर्ची घातली, तो किनारा पुतण्यानं आपल्याच घरात परत जाण्याचं भाडं म्हणून दिला.

आता मुंबईकर इंग्रजांना वाटलं पाहुणा घरी आला म्हणजे फायदा झाला. तोही अनुभव त्यांनी घेतला. कलकत्त्याच्या कौन्सिलला हा तह मान्य नव्हता. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवून 1 मार्च 1776 ला पुरंदरचा तह केला. राघोबांनी फौज मोडायची, कोपरगावला राहायचं, पेशव्यांनी त्यांना नेमणूक द्यायची. राघोबा कोपरगावला गेलेच नाहीत. ते मुंबईत राहिले. आता नको असलेला नातेवाईक पेशव्यांचा, आणि जागा अडवून बसलेला इंग्रजांकडे! त्यांचा खर्च, त्यांची माणसं, त्यांच्या तक्रारी, सगळं मुंबईच्या कौन्सिलवर. त्यांना पुण्याला पोचवायला म्हणून इंग्रज फौज घाट चढून गेली आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला शरण आली. राघोबांना पेशव्यांच्या हवाली करायचं कबूल करावं लागलं. महादजी शिंद्यांनी त्यांना ताब्यात घेऊन झाशीकडे रवाना केलं. वाटेत नर्मदेपाशी पहारेकऱ्यांवर हल्ला करून राघोबा निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडे, सुरतेला. लढाई आणखी तीन वर्षं. डिसेंबर 1780 मध्ये वसईही इंग्रजांनी घेतली.

17 मे 1782 ला सालबाईचा तह. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई पेशव्यांना परत मिळाली. म्हणजे पुढची काही वर्षं या खाडीच्या अलीकडे इंग्रज आणि पलीकडे पेशवे. राघोबांना महिना 25,000 रुपये, राहायची जागा त्यांनी निवडायची, आणि इंग्रजांनी यापुढे त्यांना आसरा द्यायचा नाही. एकवीस वर्षांनी उत्तर सापडलं ते हे. नक्की रक्कम, दूरची जागा, आणि शेजाऱ्याचं वचन की दार उघडणार नाही. यातलं शेवटचं कलम सगळ्यांत महत्त्वाचं. रक्कम आणि जागा यापूर्वीही ठरल्या होत्या. शेजारी मात्र तेव्हा बांधला राहिला नव्हता. ते वचन घ्यायला साष्टी सोडावी लागली.

राघोबांनी कोपरगाव निवडलं. 11 डिसेंबर 1783 ला तिथेच वारले. वय एकोणपन्नास.

आज आपल्याकडे हा प्रश्न न्यायाधिकरणात जातो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मुलगा त्रास देत असेल तर त्याला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळू शकतो, असं मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलेलं आहे. आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की याच कायद्याचा वापर करून सुनेचा राहत्या घरातला हक्क मोडता येणार नाही. मीरा रोड-भाईंदरच्या दीड खोलीत ही भांडणं रोज चालतात. पेशव्यांचं घर तेरा एकरांचं नसलं तरी दालनं भरपूर होती, आणि तरी जागा पुरली नाही. तेव्हा जागा वाढवून प्रश्न सुटेल या समजुतीत राहू नका. (हशा)

राघोबा गेले आणि नाना फडणीसांना वाटलं असेल, झालं एकदाचं. पण राघोबांची मुलं होती. दत्तक अमृतराव. 1775 मध्ये धारला जन्मलेला बाजीराव. आणि वडील वारल्यानंतर 1784 मध्ये जन्मलेला धाकटा. या धाकट्याचं नाव काय ठेवलं असेल? चिमाजी. वसई घेणाऱ्या चुलत्याचं नाव, वसई लिहून देणाऱ्याच्या मुलाला. आई आनंदीबाई, घर कैदेतलं. 1794 मध्ये त्या वारल्या. मुलांना पुढे जुन्नरला ठेवलं, पुन्हा पहाऱ्यात.

ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून पडून वारले. मूल नव्हतं. नानासाहेबांच्या वंशात आता कोणीच नाही, आणि घरातून काढलेल्यांचेच तीन मुलगे शिल्लक. नानांनी शेवटपर्यंत टाळाटाळ केली. 1796 मध्ये सवाई माधवरावांच्या विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर बारा वर्षांच्या चिमाजीला दत्तक दिलं. नातं लावून बघा. चिमाजी हा नारायणरावांचा चुलत भाऊ. म्हणजे सवाई माधवरावांचा काका. पुतण्याच्या विधवेनं आपल्या चुलत सासऱ्याला मुलगा म्हणून मांडीवर घेतलं! शास्त्र्यांनी नंतर हे दत्तविधान रद्द ठरवलं, आणि बाजीराव डिसेंबरमध्ये पेशवा झाला.

सहा वर्षांनी, 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी बाजीरावांना हरवलं. बाजीराव पळाले. पुण्यात अमृतराव बसले, त्यांच्या मुलाला पेशवा करायची तयारी झाली. आता घराबाहेर पडलेला भाऊ बाजीराव होता. तो कुठे गेला? वडील गेले तिथेच. कोकणात उतरला, इंग्रजांच्या जहाजांच्या आसऱ्यानं समुद्रमार्गे वसईला आला. 31 डिसेंबर 1802 ला त्यानं तिथे तह केला. इंग्रजांची तैनाती फौज, आणि तिच्या खर्चाला 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. हा तह इथून समोर दिसतो त्या वसईत झाला.

बाजीरावांना पुण्याला परत बसवताना इंग्रजांनी अमृतरावांशी वेगळं बोलणं केलं. 7 लाखांची नेमणूक घेऊन ते काशीला गेले. 1818 मध्ये राज्य गेलं तेव्हा बाजीरावांना 8 लाख वार्षिक देऊन कानपूरजवळ बिठूरला ठेवलं. आणि धाकटे चिमाजी आप्पा, त्यांनाही नेमणूक मिळाली. तेही काशीला राहायला गेले आणि 1830 मध्ये तिथेच वारले.